संगणकयुगातील गुप्तता आणि आपली ज्ञातिसूची

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान. कार्यकारी मंडळाच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



सत्यनारायणाची पूजा, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आणि पंचाहत्तरी गाठलेल्या वडीलधाऱ्यांचा सत्कार असे आनंदाचे कार्यक्रम यथासांग पार पडल्यानंतर, भोजनापूर्वीच्या या वेळात एका रुक्ष विषयावर आपणांशी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय आहे संगणक व मोबाईल यांच्या युगातील सुरक्षितता आणि खाजगी माहितीचे रक्षण. या विषयाचा मी अधिकारी नव्हे. १९७५ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा मी उत्तीर्ण झालो, पुढे शिक्षकीची पदविका घेतली आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत फळ्यापुढे काढला. मोबाईलमधील बहुतेक गोष्टी मला माझ्या नातीने शिकविल्या. या विद्येत पारंगत असलेले आपल्या ज्ञातीतील तरुण अभियंते आज समोर बसले आहेत. तरीही मी उभा राहिलो, याचे कारण विद्वत्ता नव्हे. या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सर्वांसमोर सांगितल्याशिवाय माझ्या मनाला स्वस्थता लाभणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मंडळाची ज्ञातिसूची असेल. २०१९ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या संपादनाचे काम माझ्याकडे होते. आम्ही चार-पाच जण दीड वर्ष घरोघर हिंडलो. कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, सध्याचा पत्ता, दूरध्वनी, घरातील प्रत्येक व्यक्तीची जन्मतारीख, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, गृहिणींचे माहेर, मुलांचे आजोळ असा सर्व तपशील आम्ही जमविला. गावच्या घरापासून परदेशी स्थायिक झालेल्या मुलांपर्यंत चारशेवर कुटुंबे त्या एका पुस्तकात नांदू लागली. त्या पुस्तकाने तुटलेली नाती जुळली, कित्येक सोयरिकी जमल्या. त्याचा मला अभिमान होता व आजही आहे.

पुढे २०२० साली टाळेबंदी आली. परगावच्या सभासदांना पुस्तक पोहोचविणे अशक्य झाले. मागणी तर सारखी येत होती. तेव्हा मी मुद्रकाकडून त्या पुस्तकाची पीडीएफ प्रत मागविली आणि स्वतःच्या हाताने मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर ठेवली. त्या दिवशी मला धन्यवादाचे कितीतरी संदेश आले. ती प्रत त्या समूहातून दुसऱ्या समूहात, तेथून तिसऱ्यात, अशी कोठे कोठे गेली हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट ऐकावी. आपल्याच ज्ञातीतील एक वडीलधाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे. नाव मात्र सांगणार नाही, त्यांना मी येथे माई म्हणेन. परिचारिका म्हणून त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. यजमान निवर्तले, मुलगा परदेशी, आणि माई एकट्या उपनगरात राहतात. २०२४ च्या श्रावणात त्यांना एक दूरध्वनी आला. 'तुमच्या नावे पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत,' असे पलीकडचा माणूस म्हणाला. थोड्याच वेळात व्हिडिओवर गणवेशातला एक अधिकारी दिसू लागला. त्याने माईंचे पूर्ण नाव, दिवंगत यजमानांचे नाव, मूळ गाव, माहेरचे घराणे, मुलगा कोणत्या शहरी असतो, हे सर्व घडाघडा सांगितले. इतके ज्याला ठाऊक, तो सरकारी माणूसच असणार, असे त्या माउलीला वाटले. 'तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॅमेरा बंद करावयाचा नाही, कोणाशी बोलावयाचे नाही,' असे तिला बजावण्यात आले. दोन दिवस ती स्त्री फोनसमोर बसून राहिली. नीट जेवली नाही, झोपली नाही. पैसा 'तपासणीसाठी' सरकारी खात्यात ठेवावा लागेल असे सांगितल्यावर ती स्वतः बँकेत गेली, मुदतठेवी मोडल्या आणि सात लाख रुपये त्यांनी सांगितलेल्या खात्यात पाठविले. बँकेतील लेखनिकाने कारण विचारले, तेव्हा पढविल्याप्रमाणे 'मुलाच्या घरासाठी' असे सांगितले. तिसऱ्या दिवशी मंगळागौरीचे बोलावणे घेऊन भाची घरी आली, म्हणून प्रकार उघडकीस आला. तिने तत्काळ तक्रार केली. लाखभर रुपये वाटेत गोठविले गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

मी माईंना भेटावयास गेलो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, 'मास्तर, त्याने एकच गोष्ट चुकीची सांगितली. माझे जन्मवर्ष १९५१, तो १९५७ म्हणाला. मला वाटले, सरकारी कागदात चूक झाली असेल.' मी घरी आलो आणि ज्ञातिसूची उघडली. माईंच्या नावापुढे १९५७ असेच छापलेले होते. त्या पुस्तकाची मुद्रिते मीच तपासली होती. जन्मभर मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने सुधारणाऱ्या माझ्या नजरेतून एकाचा सात झालेला सुटला, आणि ती चूक एका चोराच्या तोंडून मला परत ऐकावी लागली. माईंच्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर ते वर्ष तसे नाही. चोराच्या हाती आपली सूची होती, याहून अधिक पुरावा मला नको आहे.

बंधुभगिनींनो, यातील मर्म काय ते आपण शांतपणे पाहू. सूचीतील कोणतीही एक गोष्ट गुप्त नव्हती. माईंचे माहेर कोणते हे आपल्याला ठाऊक, मुलगा कोठे हे शेजाऱ्यांना ठाऊक. परंतु सुट्या सुट्या गोष्टी वेगवेगळ्या माणसांना ठाऊक असणे निराळे आणि त्या सर्व एकाच पानावर अनोळखी माणसाच्या हाती पडणे निराळे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्राहक खराच तो आहे किंवा नाही याची खातरजमा करताना बँका पूर्वापार जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव विचारीत आल्या आहेत. आणि आपली ज्ञातिसूची व वधूवरांची टिपणे नेमकी तीच माहिती मोठ्या हौसेने छापतात! ज्ञातिसंस्थेला घराण्यांची ओळख हवी असते, आणि ओळख चोरणाऱ्यालाही तीच हवी असते.

छापील पुस्तक आणि पीडीएफ यांतही महदंतर आहे. पुस्तक कपाटात राहते. ते चोरावयाचे तर घरात शिरावे लागते, त्याच्या हजार प्रती काढावयाच्या तर खर्च येतो. पीडीएफची प्रत काढण्यास क्षण लागतो, पैसा लागत नाही, आणि एकदा सुटलेला बाण भात्यात परत येत नाही.

गुप्तता राखणे ही काही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम नव्हे. आपल्या लहानपणी पोस्टकार्ड होते आणि अंतर्देशीय पत्र होते. खुशालीचे चार शब्द कार्डावर चालत. ते पोस्टमन वाची, वाड्यातील सर्व बिऱ्हाडे वाचीत. परंतु मुलीच्या सासरचे गाऱ्हाणे किंवा कर्जाची गोष्ट असली म्हणजे अशिक्षित आजीसुद्धा 'बंद पत्र लिही रे' असे सांगे. कोणती गोष्ट कार्डावर आणि कोणती बंद पत्रात, हा विवेक तिच्या अंगी होता. तोच विवेक नव्या साधनांबाबत आपल्याला अद्याप यावयाचा आहे.

सांकेतिक लेखनाची कलाही आपल्याकडे प्राचीन आहे. वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे सांकेतिक भाषेत लिहिण्याची कला येते. आपल्या मराठीत तर महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जतन केले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, अशी त्यांची साधारण रीत. किल्ली ठाऊक नसलेल्याला ते पान निरर्थक वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा मराठीतील तो अमोल ठेवा अभ्यासकांसमोर आला.

जुन्या सर्व रीतींत एक उणीव होती. लिहिणारा व वाचणारा या दोघांनी किल्ली आधी एकमेकांना द्यावी लागे, आणि देतानाच ती चोरीला जाण्याचे भय असे. १९७६ साली अमेरिकेत डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी या अडचणीवर तोड सुचविली, आणि पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी प्रसिद्ध पद्धती शोधली. ती मी शाळेतील मुलांना सांगावी तशी सांगतो. समजा, मी माझी उघडी कुलपे सर्वांना वाटून टाकली आणि किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवली. आपण पेटीत पत्र घालून माझे कुलूप दाबून लावावे. एकदा लावले की ते आपल्यालाही उघडता येणार नाही, किल्ली माझ्यापाशीच. किल्लीचा प्रवासच नाही, तर चोरी कशाची होणार? लोखंडाच्या कुलपाच्या जागी येथे प्रचंड संख्यांचे गणित असते एवढेच. याच तत्त्वाचा पुढे विकास होऊन २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषणे अशा रीतीने बंदिस्त होतात, की ती वाटेत कोणाला वाचता येत नाहीत.

मग माईंना हे कुलूप का उपयोगी पडले नाही? कारण चोराने कुलूप फोडलेच नाही. त्याने दारावर थाप मारली, आणि आपण आतून कडी काढली. आणि सूचीचे म्हणाल, तर ती मी स्वतःच खिडकीतून रस्त्यावर ठेवली होती. आजच्या फसवणुकींत यंत्र हरते त्याहून पुष्कळ वेळा माणूस हरतो.

ही विद्याही जुनीच आहे. पंचवटीची कथा आपण सर्व जाणतो. मारीचाने प्रभू रामचंद्रांचा आवाज काढून 'हा लक्ष्मणा' असा टाहो फोडला. सीतामाईच्या काळजाचे पाणी झाले आणि तिने लक्ष्मणाला पिटाळले. मग साधूच्या वेषात रावण दारी आला. आधी आवाजाची नक्कल, मग भीती व घाई, मग घरचा जाणता माणूस दूर करणे, आणि शेवटी प्रतिष्ठित वेष. माईंच्या बाबतीत क्रम थोडा निराळा असेल, पण यांतील भीती, एकटे पाडणे आणि वेष ही तीन शस्त्रे तीच होती. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, म्हणजे मारीच यंत्ररूपाने घरोघर पोहोचला आहे. परंतु त्याच रामायणात उपायही आहे. अशोकवनात मारुतीराया गेला तेव्हा त्याने खुणेची अंगठी दाखविली, आणि सीतामाईने परतीची खूण म्हणून चूडामणी दिला. दोन्हीकडून खातरजमा झाली. अंगठी पाहिल्यावाचून विश्वास ठेवू नये, एवढाच आजच्या व्याख्यानाचा सारांश म्हटला तरी चालेल.

'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायाधीश किंवा सीमाशुल्क अधिकारी व्हिडिओवर अटक करीत नाही आणि तपासणीसाठी आपला पैसा मागत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये हेच सांगितले, आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा मार्ग दाखविला. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात अशा गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. तेव्हा माईंसारखे फसलेले लोक थोडे नाहीत, आणि ते मूर्खही नाहीत.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने कितीही काळजी घेतली तरी मोठ्या संस्थाच लुटल्या जातात, त्याचे काय? हे खरे आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये असा घाला पडला. तिच्या संगणकयंत्रणेत घुसलेल्यांनी बनावट कार्डांच्या द्वारे एकाच वेळी २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले, आणि हाँगकाँगकडेही रक्कम वळविली. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. असे घाले परतविणे हे संस्थांचे काम आहे. परंतु गावाची वेस राखणारा रामोशी असला, म्हणून कोणी घराची कडी लावावयाचे सोडीत नव्हते.

आता एक आक्षेप पाहू. माझेच एक स्नेही मला म्हणाले, 'अहो मास्तर, आपण सरळमार्गी माणसे. आपल्याकडे लपविण्यासारखे आहे काय?' मी त्यांना विचारले, 'मग आपण घराला दार कशाला लावता?' दार हे पापासाठी नसते. आत कोणाला घ्यावयाचे हे आपण ठरवावे म्हणून असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असून राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांतच तो अंतर्भूत आहे. तो खटला लढविणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश होते आणि त्या वेळी त्यांनी वयाची नव्वदी ओलांडलेली होती. वृद्धांना ही नवी प्रकरणे काय कळतात, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या निर्णयाच्या पाठोपाठ ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. ज्याची माहिती, त्याची संमती. कशासाठी घेतो ते आधी सांगावे, तेवढ्यासाठीच वापरावी, आणि काम संपले की पुसून टाकावी. दिलेली संमती परत घेण्याचाही अधिकार आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत आईवडिलांची संमती हवी. मोठ्या कसुरीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यातील एक गोष्ट आपल्या मंडळाने विशेष ध्यानात घ्यावी. हा कायदा छापील वहीला लागू नाही; परंतु त्या वहीची पीडीएफ होताच ती कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे टाळेबंदीत मी जे केले, ते आज करताना मंडळाला कायद्याचा विचार करावा लागेल. तथापि दंडाचे भय बाजूला ठेवले, तरी विश्वासाने दिलेली ठेव सांभाळणे हा आपला धर्मच आहे.

आता घरात पाळावयाच्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली, पिन आणि ओटीपी या किल्ल्या आहेत. त्या कोणालाही सांगू नयेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. 'पैसे पाठवितो, पिन टाका' असे जो म्हणेल तो चोर समजावा. कोणाच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा त्याला दिसेल असे अॅपही घेऊ नये.

दुसरी, परवलीचा शब्द. नातवाचे नाव व जन्मवर्ष हा परवलीचा शब्द नव्हे. तो आमच्या सूचीतच छापलेला आहे! एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब परवल करावी, आणि प्रत्येक खात्याला निराळी ठेवावी. आठवत नसेल तर वहीत लिहून ती वही दागिन्यांच्या कपाटात ठेवावी. सर्वत्र एकच शब्द ठेवण्यापेक्षा ते बरे. व्हॉट्सॲपमध्ये सहा अंकी दुसरी कडी लावण्याची सोय आहे. ती आज रात्रीच मुलांकडून लावून घ्यावी.

तिसरी, आधार क्रमांक. त्याचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. जेथे चालेल तेथे तीच द्यावी. बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद यांना कुलूप लावण्याची सोयही आधारच्या व्यवस्थेत आहे.

चौथी, लग्नपत्रिका. आपण समाजातील माणसे. पत्रिका आली की उघडलीच! २०२४ पासून पत्रिकेच्या नावाने 'एपीके' प्रकारची फाईल पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार घडू लागले आणि पोलिसांना इशारे द्यावे लागले. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. ती फोनमध्ये 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. शंका आली तर यजमानांना फोन करावा. त्या निमित्ताने चार शब्द बोलणेही होईल.

पाचवी, खुणेचा शब्द. प्रत्येक कुटुंबाने आपसांत एक शब्द ठरवावा, जो घराबाहेर कोणाला ठाऊक नसेल. 'बाबा, अपघात झाला, पैसे पाठवा' असा मुलाच्या आवाजात फोन आला तर आधी तो शब्द विचारावा. हीच आपली अंगठी.

आणि सहावी, फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेलाही सांगावे. पैसा चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. जितके लवकर कळवाल तितका तो वाटेत अडण्याचा संभव अधिक. माईंचे लाखभर रुपये वाचले ते भाचीच्या तत्परतेने.

आता मंडळापुढे मी चार सूचना नम्रपणे ठेवतो. कार्यकारी मंडळाने त्यांचा ठरावरूपाने विचार करावा, अशी माझी प्रार्थना आहे.

एक, यापुढील ज्ञातिसूचीत कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव आणि लेखी संमती असल्यास दूरध्वनी, एवढेच छापावे. जन्मतारखा, माहेर-आजोळ व नोकरीचे ठिकाण यांची नोंद कार्यालयातील वहीत राहावी आणि विचारणाऱ्याची ओळख पटल्यावर चिटणीसांनी ती दाखवावी. सूचीची पीडीएफ काढू नये.

दोन, वधूवर सूचक विभागाने मुलामुलींची नावे, छायाचित्रे व उत्पन्न समूहावर टाकणे आजपासून बंद करावे. क्रमांक, वय, शिक्षण व जिल्हा एवढे प्रसिद्ध करावे. दोन्ही घरांची इच्छा दिसल्यावर बाकीचे टिपण एकमेकांना द्यावे, आणि विवाह ठरताच ते नष्ट करावे. लग्न होऊन चार-पाच वर्षे लोटलेल्या मुलीचे छायाचित्र व दूरध्वनी आजही समूहांतून फिरत असतात. तिच्या सासरी काय वाटत असेल, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

तीन, विद्यार्थी साहाय्य निधीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले व आधारच्या प्रती व्हॉट्सॲपवर मागवू नयेत. काम संपताच त्या परत कराव्या किंवा फाडून टाकाव्या. गरिबाच्या मुलाने मदत मागितली, म्हणून त्याचे दारिद्र्य कोणाच्या फोनमध्ये कायमचे राहू नये.

चार, आपल्या तरुणांनी प्रत्येकी तीन-चार वृद्ध कुटुंबे वाटून घ्यावी. महिन्यातून एकदा जावे, फोन पाहावा, कड्या लावून द्याव्या आणि चहा घेऊन यावे. आजी-आजोबांना 'तुम्हाला काही कळत नाही' असे मात्र म्हणू नये. जो रागावतो, त्याला माणसे विचारीत नाहीत. आणि जे विचारीत नाहीत, तेच चोराच्या हाती लागतात.

शेवटी एकच गोष्ट सांगून थांबतो. माईंनी हा प्रकार सहा महिने आपल्या ज्ञातीपासून लपविला. का, म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, 'पैसे गेल्याचे दुःख सोसेन, मास्तर. पण हळदीकुंकवाला बायका काय म्हणतील, ते सोसवणार नाही.' हे ऐकून मला चोरापेक्षा आपलाच राग आला. घरावर दरोडा पडला तर आपण धीर द्यावयास धावतो. आणि फोनवरून दरोडा पडला तर 'इतकी शिकलेली बाई, कशी फसली' असे कुजबुजतो. लाज वाटावयाची ती चोराला वाटावी. लुटल्या गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी निर्भयपणे येऊन आपली हकीकत सांगावी, अशी जागा जर ज्ञातिसंस्थेत नसेल, तर ज्ञातिसंस्था हवी कशाला? माईंनी सांगितले असते, तर त्यानंतर आलेल्या तशाच फोनपासून आपल्यातील आणखी कोणी वाचले असते.

सूचीचा संपादक या नात्याने मी माईंची व आपणा सर्वांची क्षमा मागतो. ज्यांच्या फोनमध्ये ती पीडीएफ प्रत असेल त्यांनी ती पुसून टाकावी. सर्वत्रची प्रत आता पुसली जाणार नाही, हे मी जाणतो. तरी आपल्या घरातील पुसणे आपल्या हाती आहे, आणि पुढील सूची शहाणपणाने करणे हेही आपल्याच हाती आहे. कार्यकारी मंडळाने अनुज्ञा दिल्यास त्या कामात पुन्हा घरोघर हिंडावयास मी तयार आहे. या खेपेस मुद्रिते तपासावयास माझ्याबरोबर माईही बसणार आहेत, असे त्यांनी मला वचन दिले आहे.